फ्लोट१२८ इथे चालतो, तिथे अडतो: एरर नेमका कुणाचा ते आधी ओळखा

सी किंवा सी++मध्ये डबलची (६४ बिटी अपूर्णांक टाइपची) अचूकता कमी पडली की माणूस फ्लोट१२८ या १२८ बिटी टाइपकडे वळतो. हिल्बर्ट मॅट्रिक्सचा व्यस्त काढायचा असतो, किंवा जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी कामाचे सगळे अंक गिळून टाकते. आपल्या लॅपटॉपवर कोड छान चालतो. मग तोच कोड क्लस्टरवर, मित्राच्या मॅकवर किंवा सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणाऱ्या यंत्रणेच्या) कंटेनरमध्ये जातो आणि तक्रारी सुरू होतात. त्यात प्रत्येक ठिकाणचा एरर वेगळा. कुठे टाइपच सापडत नाही, कुठे लिंकर अडतो, कुठे सगळं बिनबोभाट कंपाइल होऊन सतराव्या अंकापुढे कचरा छापतो. हाच प्रश्न इतक्यांदा इतक्या रूपांत येतो, की एकदा सगळं एका जागी लिहिलेलं बरं.

(नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. अंडरस्कोर मात्र मोजून वाचा, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.)

मूळ मुद्दा असा: ‘माझा कंपायलर फ्लोट१२८ सपोर्ट करतो का’ हा प्रश्नच अपुरा आहे. हे काम चार जणांत वाटलेलं आहे. टाइप आणि लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेली संख्या) कंपायलर ओळखतो. १२८ बिटी बेरीज-गुणाकार बहुतेक प्रोसेसरांवर हार्डवेअरमध्ये नसतात, म्हणून ते लिबजीसीसी किंवा कंपायलर-आरटी ही रनटाइम लायब्ररी करते. साइन, एक्स्प, लॉग हे सी लायब्ररीकडे किंवा लिबक्वाडमॅथकडे. आणि न्यूमरिक_लिमिट्स, इज_फ्लोटिंग_पॉइंट, छपाई वगैरे सी++च्या स्टँडर्ड लायब्ररीकडे. यातल्या एकाने होकार दिला म्हणजे बाकीच्यांनीही दिला असं नाही. एरर आला की आधी तो या चौघांपैकी कुणाचा ते ठरवायचं. उपाय त्यातच दडलेला असतो.

म्हणून कुणालाही विचारण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: कंपायलर आणि त्याची आवृत्ती, प्रोसेसर व ऑपरेटिंग सिस्टिम, सी++ची लायब्ररी कोणती, आणि भाषेचा मोड जीएनयू++ (जादा एक्स्टेन्शनसह) की निव्वळ सी++. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. लिनक्सवर क्लँग हा कंपायलर चालवला तरी तो एरवी जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचीच लिबएसटीडीसी++ वापरतो. मॅकवर त्याच्यासोबत लिबसी++ येते. तेव्हा ‘क्लँगवर टेस्ट केलंय’ एवढ्याने काहीच कळत नाही.

आधी लाँग डबल तपासा

कित्येकदा फ्लोट१२८ची गरजच नसते, कारण हवी ती अचूकता लाँग डबलमध्ये आधीच असते. एलडीबीएल_मँट_डिग हा मॅक्रो छापून पाहा. ५३ आला तर लाँग डबल म्हणजे नुसता डबलच: एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) आणि अ‍ॅपल सिलिकॉनवाले मॅक. ६४ आला तर एक्स८७चा जुना ८० बिटी प्रकार: एक्स८६वरचा लिनक्स, इंटेल मॅक, मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचा जीसीसी). ११३ आला तर लाँग डबल हाच खरा आयईईई १२८ बिटी प्रकार: आर्म६४ लिनक्स, रिस्क-व्ही लिनक्स, ६४ बिटी अँड्रॉइड. आणि १०६ आला तर तुम्ही पॉवरपीसीवर आहात, जिथे दोन डबल जोडून एक लाँग डबल बनवतात. त्याच पॉवरवर नव्या सिस्टिम ११३कडे वळल्या आहेत, म्हणून तिथे डिस्ट्रो आणि फ्लॅग दोन्ही बघावे लागतात.

अचूकतेतला फरक किती? ५३ बिटांचा एप्सिलॉन (१ आणि त्याच्या पुढच्या संख्येतलं अंतर) साधारण २.२ई-१६, ६४ बिटांचा १.१ई-१९ आणि ११३ बिटांचा १.९ई-३४. इंटेलवरून आर्म६४ सर्व्हरवर गेलेला कोड ‘__फ्लोट१२८ सापडत नाही’ म्हणतो तेव्हा लोक हबकतात. खरं तर तिथे परिस्थिती उलट सोपी असते. लाँग डबल वापरा, फंक्शनं सिनएल, एक्स्पएल ही नेहमीची, आणि छपाईही नेहमीच्याच टक्का-एल-एफने. आर्म६४ लिनक्सवर लिबक्वाडमॅथ बांधलीच जात नाही, कारण तिथे तिचं काम उरलेलं नाही. एरर तिथून येत असेल तर ती लायब्ररी शोधत बसू नका.

तीन नावं, आणि ती एकच नाहीत

__फ्लोट१२८, दोन अंडरस्कोरवालं, हे जीसीसीचं जुनं एक्स्टेन्शन. एक्स८६वर ते मुरलेलं आहे आणि तिथल्या लिनक्सवर क्लँगही ते ओळखतो. _फ्लोट१२८, एक अंडरस्कोर आणि मोठा एफ, हे सीच्या तांत्रिक स्पेसिफिकेशनमधून आलं आणि पुढे सी२३मध्ये बसलं. जीसीसी ७ पासून ते सी भाषेत आहे, पण सी++मध्ये यायला जीसीसी १३ उजाडावं लागलं. तिसरं एसटीडी::फ्लोट१२८_टी. हे सी++२३चं, एसटीडीफ्लोट हेडरमधलं, आणि प्रमाणकानुसारच ऐच्छिक. म्हणजे कंपायलरने ते दिलं नाही तरी तो नियमात बसतो.

सीमध्ये पहिली दोन नावं एकाच टाइपची आहेत. सी++मध्ये जीसीसी १३ पासून ती वेगळे टाइप आहेत. हे नीट समजून घ्या, कारण इथला एरर फार फसवा असतो.

जीसीसी १२ पर्यंत सी++ला _फ्लोट१२८ माहीतच नव्हता. मग तो चालायचा कसा? जीलिबसीचं (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) हेडर गुपचूप एक टाइपडेफ करायचं: _फ्लोट१२८ म्हणजे __फ्लोट१२८. समजा तुमच्या लायब्ररीत ‘सॉल्व्ह’ नावाचं फंक्शन _फ्लोट१२८ घेतं आणि लायब्ररी जीसीसी १२ने बांधलेली आहे. टाइपडेफमुळे ऑब्जेक्ट फाइलमधल्या नावात त्या पॅरामीटरसाठी ‘जी’ हे एकच अक्षर जातं. ती __फ्लोट१२८ची खूण. आता मुख्य प्रोग्रॅम जीसीसी १३ने बांधला. हेडर तेच, सोर्स तेच. पण १३व्या आवृत्तीला _फ्लोट१२८ हा स्वतंत्र टाइप वाटतो आणि ती नावात ‘डीएफ१२८_’ अशी खूण घालते. लिंकर म्हणतो, सॉल्व्ह(_फ्लोट१२८) सापडत नाही. तुम्ही एनएमला (सिंबलांची यादी देणाऱ्या टूलला) डिमँगलचा पर्याय देऊन लायब्ररी तपासता, तर सॉल्व्ह(__फ्लोट१२८) समोर दिसतंय. दोन ओळींत फरक एका अंडरस्कोरचा आणि एफ लहान की मोठा एवढाच, आणि दमलेल्या डोळ्यांना तो दिसत नाही.

उपाय दोन. एकतर सगळं एकाच कंपायलरने पुन्हा बांधा. ते जमण्यासारखं नसेल तर लायब्ररीच्या सीमेवर हा टाइप उघडा ठेवूच नका: फंक्शन एक्स्टर्न सी करा किंवा पॉइंटरमागे लपवा. दुसरा रस्ता मला जास्त पटतो. बाहेर वाटायच्या लायब्ररीच्या इंटरफेसमध्ये असा टाइप ठेवणं म्हणजे भिजत घोंगडं आहे.

हेडर मिळालं, टाइप मिळाला नाही

‘एसटीडीमध्ये फ्लोट१२८_टी नावाचा टाइप नाही’ हा एरर क्लँग आणि लिबएसटीडीसी++ १३ या जोडीवर ठरलेला. एसटीडीफ्लोट हेडर सापडतं, कारण ते जीसीसीच्या लायब्ररीसोबत डिस्कवर आहे. पण ते उघडून पाहिलं तर आत प्रत्येक टाइपभोवती एक अट आहे: कंपायलरने __एसटीडीसीपीपी_फ्लोट१२८_टी__ हा मॅक्रो जाहीर केला असेल तरच पुढची ओळ. क्लँग तो जाहीर करत नाही, म्हणून हेडर जवळजवळ रिकामं होऊन जातं. एमएसव्हीसीचीही तीच तऱ्हा. हेडर ठेवलंय, टाइप दिलेले नाहीत.

म्हणून __हॅज_इन्क्लूड वापरून केलेली तपासणी इथे कुचकामी. तपासायचा तो मॅक्रो, आणि तोही प्रत्येक टाइपचा स्वतंत्र: १६, ३२, ६४, १२८ आणि बीफ्लोट१६चा वेगळा. कंपायलरचं नाव आणि आवृत्ती बघून अंदाज बांधणं तर त्याहून वाईट. बाजारात कित्येक कंपायलर __जीएनयूसी__ जाहीर करून स्वतःला जीसीसी म्हणवतात. जीलिबसी २.२६ने २०१७ साली _फ्लोट१२८ आणला तेव्हा याच सवयीमुळे अनेकांचे बिल्ड मोडले. हेडरने पाहिलं, कंपायलर जीसीसी आहे, आवृत्ती पुरेशी नवी आहे, म्हणजे फ्लोट१२८ असणारच. आणि कंपायलरला तो शब्दही ठाऊक नव्हता. बिट्स/फ्लोटएन.एच या फाइलमधून ‘आयडेंटिफायर अनडिफाइंड’ असा एरर आला तर हाच किस्सा समजा. तुमच्या कोडमध्ये दोष शोधू नका. तो कंपायलर नव्या आवृत्तीवर न्या, किंवा त्याला जुन्या जीलिबसीच्या कंटेनरमध्ये चालवा.

याचाच चुलतभाऊ म्हणजे एसटीडी_अ‍ॅब्स.एच या फाइलमधून येणारा ‘__फ्लोट१२८ या टार्गेटवर चालत नाही’. ग्राफिक्स कार्डासाठी कंपाइल करताना तो भेटतो. लायब्ररी बांधताना होस्टवर टाइप होता म्हणून तिने अ‍ॅब्सचा ओव्हरलोड लिहून ठेवला, आणि आता त्याच हेडरमधून जीपीयूचा कोड बनवायचाय. लिबएसटीडीसी++ नवी घेतली की बहुधा सुटतं.

सीमेकमधली एक ओळ

तोच कंपायलर, तेच मशीन. साध्या कमांडने कोड कंपाइल होतो, सीमेक या बिल्ड टूलने होत नाही. तक्रार अशी की टेम्प्लेटमधला स्टॅटिक_असर्ट फसला: इज_फ्लोटिंग_पॉइंट<__फ्लोट१२८> फॉल्स येतंय.

कारण मोड. जीसीसी काही न सांगता चालवला तर जीएनयू++ मोडमध्ये असतो. सीमेक_सीएक्सएक्स_एक्स्टेन्शन्स ऑफ केलं की मोड निव्वळ सी++१७ होतो, __स्ट्रिक्ट_अ‍ॅन्सी__ हा मॅक्रो जाहीर होतो, आणि लिबएसटीडीसी++ तो पाहून __फ्लोट१२८ला फ्लोटिंग पॉइंट मानायला नकार देते. टाइप आहे, बेरीज होते, पण ट्रेट्स (टाइपची माहिती सांगणारे टेम्प्लेट) हात वर करतात. ‘स्वच्छ’ कोडसाठी ही ओळ टाकायची फॅशन आहे, आणि एरवी मीही तिच्या बाजूने असेन. पण __फ्लोट१२८ हेच मुळात एक्स्टेन्शन आहे. एक्स्टेन्शन वापरायचं आणि एक्स्टेन्शन बंदही ठेवायचं, हे दोन्ही एकदम कसं जमणार?

निव्वळ मोडचा दुसरा फटका क्यू लिटरलला बसतो. १.०क्यू असं लिहिलं की सी++११ पासून जीसीसी त्याला वापरकर्त्याचं स्वतःचं लिटरल समजतो आणि त्याचा ऑपरेटर शोधत बसतो. एफएक्स्ट-न्यूमरिक-लिटरल्स हा फ्लॅग दिला की सुटतं. बूस्ट मल्टिप्रिसिजन या सी++ लायब्ररीचा फ्लोट१२८ वापरणाऱ्यांनाही इथेच ठेच लागते.

‘मग मीच न्यूमरिक_लिमिट्सचं स्पेशलायझेशन लिहितो’ हा उपाय सुचतो, आणि जुन्या लायब्ररीवर चालतोही. पण एसटीडीमधल्या टेम्प्लेटचं अशा अंगभूत टाइपसाठी स्पेशलायझेशन करण्याची मुभा प्रमाणक देत नाही. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने स्वतःच ते दिलं की ‘रीडेफिनिशन’ म्हणून बिल्ड कोसळतो. स्वतःच्या नेमस्पेसमध्ये स्वतःचं ट्रेट लिहा आणि कोडमध्ये सगळीकडे तेच विचारा.

एरर नाही, पण उत्तर चुकीचं

ही खरी धोक्याची जात. कंपायलर मूग गिळून बसतो आणि तुम्हाला वाटतं ३४ अंकी अचूकता मिळाली.

__फ्लोट१२८ एक्स = ०.१ असं लिहा आणि ३६ अंकांत छापा. येतं ते असं:

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२

०.१ हे लिटरल डबल आहे. ते आधी ५३ बिटांत बसवलं गेलं, त्यात अठराव्या अंकापासूनची चूक पक्की झाली, आणि मग ती चूकच मोठ्या इमानाने ११३ बिटांत उतरवली गेली. ०.१क्यू लिहिलं तर शेवटचा, छत्तिसावा अंक तेवढा ५ येतो; मधली सगळी शून्यं. सी++२३मध्ये प्रत्यय एफ१२८. दोन्ही प्रत्यय चालत नसतील अशा ठिकाणी पूर्णांकांचा भागाकार करा: १ आधी मोठ्या टाइपमध्ये घ्या आणि मग १०ने भागा, ०.१ बरोबर येईल. लांबलचक स्थिरांक असेल तर तो स्ट्रिंग म्हणून ठेवून स्ट्रटूएफ१२८ किंवा स्ट्रटूफ्लट१२८ने वाचा.

पायचंही तेच. एम_पाय हा मॅक्रो डबल आहे. त्याची साइन क्वाडमध्ये (म्हणजे १२८ बिटांत) काढली तर १.२२ई-१६ येते आणि माणूस म्हणतो, लायब्ररीतच गडबड आहे. लायब्ररी अगदी बरोबर सांगतेय: तुम्ही दिलेली संख्या पायपासून तेवढीच लांब आहे. एम_पायक्यू दिला की तेच उत्तर ८.६७ई-३५ च्या आसपास येतं. कोडमध्ये एम_पाय, एम_ई शोधून काढा. जुन्या हेडरांत ते दडून बसलेले असतात.

तिसरी जागा म्हणजे सीमधली फंक्शनं. सीमध्ये साइन(एक्स) लिहिलं आणि एक्स क्वाड असला तर तो निमूटपणे डबल होतो, साइन डबलमध्ये निघते आणि उत्तर परत क्वाडमध्ये ठेवलं जातं. सी++मध्ये निदान ‘ओव्हरलोड संदिग्ध’ म्हणून आरडाओरडा तरी होतो. डब्ल्यूफ्लोट-कन्व्हर्जन हा इशारा चालू ठेवला की ही अरुंद होणारी रूपांतरं दिसतात. बिनप्रत्ययाच्या लिटरलसाठी जीसीसीत डब्ल्यूअनसफिक्स्ड-फ्लोट-कॉन्स्टंट्स आहे, पण तो सीपुरताच. सी++वाल्यांनी ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) वापरावा, दुसरा इलाज नाही.

छपाई

सीआउटला __फ्लोट१२८ दिला की संदिग्ध ओव्हरलोडची पानभर यादी येते. एक्स८६वर फ्लोट१२८_टी दिला तरी फळ तेच, कारण तिथे लाँग डबल त्याहून लहान आहे आणि अशा वेळी स्ट्रीमने आधार द्यायलाच हवा असं प्रमाणक म्हणत नाही. वैतागून लोक प्रिंटएफला टक्का-एल-एफ देतात आणि निरर्थक आकडा छापून येतो. एक्स८६-६४ लिनक्सच्या एबीआयमध्ये (फंक्शनला मूल्यं कशी पोचवायची याच्या नियमांत) लाँग डबल स्टॅकवरून जातो आणि __फ्लोट१२८ एक्सएमएम रजिस्टरमधून. प्रिंटएफ स्टॅकवर जे हाताला लागेल ते वाचतो.

चालणारे मार्ग: लिबक्वाडमॅथ असेल तर क्वाडमॅथ_एसएनप्रिंटएफ, फॉरमॅटमध्ये टक्का-क्यू-एफ किंवा टक्का-क्यू-जी. जीलिबसी २.२६ किंवा नवी असेल तर स्ट्रफ्रॉमएफ१२८, वेगळी लायब्ररी न लागता. आणि जीसीसी १३ पुढे सी++२३ मोडमध्ये एसटीडी::टू_कॅर्स, जे फ्लोट१२८_टी घेतं आणि परत वाचल्यावर तीच संख्या मिळेल इतके अंक स्वतःच ठरवून देतं. हे जिथे मिळेल तिथे बाकी काही वापरू नका. मात्र अशी बायनरी जुन्या सिस्टिमवर नेली तर लिबएसटीडीसी++चं नवं सिंबल तिथे सापडणार नाही.

मिनजीडब्ल्यूवरचा लाँग डबल हा वेगळाच विनोद आहे. कंपायलर ८० बिटी मानतो, विंडोजची सी लायब्ररी ६४ बिटी, आणि प्रिंटएफ दोघांच्या मध्ये सापडतो. __यूझ_मिनजीडब्ल्यू_अ‍ॅन्सी_एसटीडीआयओ हा मॅक्रो १ करा, मिटलं.

लिंकरचे एरर

‘अनडिफाइंड रेफरन्स टू सिनक्यू’ आला तर लिबक्वाडमॅथ जोडलेली नाही, किंवा जोडली आहे पण कमांडमध्ये ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिली आहे. ती शेवटी हवी.

क्लँगवर ‘क्वाडमॅथ.एच सापडत नाही’ येतं. हे हेडर यूएसआर/इन्क्लूडमध्ये नसतं. जीसीसीच्या स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या आकड्याखाली असतं आणि क्लँग तिथे बघत नाही. तो रस्ता हाताने जोडणारे दिसतात. चालतं, पण जीसीसी अपडेट झाला की मोडतं. त्यापेक्षा जीलिबसीची सिनएफ१२८, एक्स्पएफ१२८ ही फंक्शनं घ्या. ती नेहमीच्या लिबएममध्ये, म्हणजे सीच्या गणित लायब्ररीत आहेत. अल्पाइन कंटेनरमध्ये मात्र हा सल्ला चालणार नाही: तिथली मसल लायब्ररी ही एफ१२८ फंक्शनं देत नाही, तिथे लिबक्वाडमॅथच हवी.

__अ‍ॅडटीएफ३, __मलटीएफ३ सापडत नाहीत असं आलं तर बेरीज-गुणाकारच हरवले आहेत, म्हणजे रनटाइम लायब्ररीचा प्रश्न. बहुधा कुणीतरी क्लँगला लिबजीसीसीऐवजी कंपायलर-आरटी वापरायला सांगितलंय आणि ती जुनी आहे. एक्स८६-६४साठी ही फंक्शनं तिच्यात बरीच उशिरा आली. आणि हो, हीच ती फंक्शनं ज्यांच्यामुळे क्वाड इतका हळू चालतो. प्रत्येक बेरीज म्हणजे एक फंक्शन कॉल. पॉवर९सारख्या प्रोसेसरमध्ये हे हार्डवेअरमध्ये आहे. आपल्या टेबलावरच्या इंटेल-एएमडीत नाही. नुसती लांब बेरीज अचूक हवी असेल तर काहानची पद्धत (प्रत्येक बेरजेत हरवलेला भाग जपून पुढे भरून काढणारी) डबलमध्येच वापरून पाहा, क्वाडपेक्षा ती किती तरी स्वस्त पडते.

१६ बिटांची बाजू

मशीन लर्निंगवाल्यांचे प्रश्न याच्या उलट्या टोकाचे, पण थर तेच. __ट्रंकएसएफएचएफ२ सापडत नाही? कंपायलर नवा, लिबजीसीसी जुनी: क्लँग १५ पुढचा आणि जीसीसी १२च्या आधीची लिबजीसीसी अशी जोडी असणार.

उत्तरं दोन मशीनवर वेगळी येतात? हे बघा. _फ्लोट१६मध्ये २०४८च्या पुढे दोन शेजारच्या संख्यांत २चं अंतर आहे. (२०४८ + १) + १ हे प्रत्येक पायरीला १६ बिटांवर आणून काढलं तर २०४९ बसत नाही, सम बाजूला झुकून २०४८ होतो, आणि पुन्हा तेच; उत्तर २०४८. पण मधल्या पायऱ्या फ्लोटमध्ये करून शेवटी एकदाच १६ बिटांवर आणलं तर २०५०. एव्हीएक्स५१२-एफपी१६ (हार्डवेअरमधलं १६ बिटी गणित) असलेल्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलं की पहिली पद्धत, साध्या एक्स८६साठी केलं की बहुधा दुसरी. दोन्ही ‘बरोबर’ आहेत. एकसारखं हवं असेल तर जीसीसीला एफएक्सेस-प्रिसिजन=१६ आणि क्लँगला एफफ्लोट१६-एक्सेस-प्रिसिजन=नन द्या.

फ्लोट१६_टी आणि बीफ्लोट१६_टी यांची बेरीज कंपायलर नाकारतो. नाकारू दे. एकाची कमाल ६५५०४, दुसऱ्याची ३.३९ई३८, एकाला अचूकता ११ बिट, दुसऱ्याला ८. दोघांपैकी मोठा कोण हे ठरतच नाही, तेव्हा कास्ट तुम्हीच लिहायचा.

आणि एक: एसटीडी::फ्लोट३२_टी म्हणजे फ्लोटचं दुसरं नाव नव्हे, तो वेगळा टाइप आहे. त्याच्या व्हेक्टरचा पॉइंटर फ्लोटचा पॉइंटर मागणाऱ्या ब्लासला (रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीला) देता येत नाही. इथे लोक रीइंटरप्रेट_कास्ट मारतात. त्याऐवजी अशा सीमेवर साधा फ्लोटच ठेवा. फ्लोट३२_टीने त्या जागी जास्तीचं काहीच मिळत नाही.

एकच हेडर

प्रोजेक्टमध्ये कुठेही यातलं एकही नाव थेट वापरू नका. एक हेडर करा, त्यात ‘क्वाड’ नावाचा टाइप ठरवा, या क्रमाने: एलडीबीएल_मँट_डिग ११३ असेल तर लाँग डबल. नाहीतर __एसटीडीसीपीपी_फ्लोट१२८_टी__ जाहीर असेल तर फ्लोट१२८_टी. नाहीतर __साइझऑफ_फ्लोट१२८__ असेल तर __फ्लोट१२८. यातलं काहीच नसेल तर बूस्टचा सीपीपी_बिन_फ्लोट_क्वाड. तो ११३ बिटांचाच, कंपायलरकडून काहीच मागत नाही, फक्त हळू आहे. साइन, वर्गमूळ, स्ट्रिंगमधून वाचणं आणि स्ट्रिंगमध्ये लिहिणं हीसुद्धा त्याच हेडरमध्ये, प्रत्येक शाखेत स्वतंत्र. लाँग डबलला पहिला मान दिला की आर्म६४चे जवळजवळ सगळे प्रश्न तिथेच संपतात.

सीमेकमध्ये तपासणी लिहिताना नुसतं कंपाइल करून थांबू नका, लिंकही करून पाहा. आणि चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनला स्थिर संख्या देऊ नका. कंपायलर उत्तर स्वतःच काढून टाकू शकतो, फंक्शनचा कॉल उरतच नाही, चाचणी पास होते आणि खरा प्रोग्रॅम लिंक होताना पितळ उघडं पडतं. व्हेरिएबल व्होलाटाइल ठेवा.

फाइलमध्ये बाइट लिहिणाऱ्यांसाठी

एक्स८६-६४ लिनक्सवर लाँग डबल १६ बाइटांचा, आर्म६४ लिनक्सवरही १६ बाइटांचाच. त्यामुळे एफराइटने लिहिलेली फाइल दुसऱ्या मशीनवर साइझची कुठलीही तक्रार न करता वाचली जाते आणि आत भलतेच आकडे येतात. पहिल्या ठिकाणी १० बाइट संख्या आणि ६ बाइट भरताड; दुसऱ्या ठिकाणी सोळाच्या सोळा बाइट संख्या. भरताडाच्या बाइटांत काय असेल याची शाश्वती नसल्यामुळे मेमकंपने दोन लाँग डबल ताडून पाहणं किंवा त्यांच्या बाइटांवरून हॅश काढणंही एक्स८६वर फसतं. संख्या समान, हॅश वेगळा.

फाइलमध्ये हेक्स-फ्लोट मजकूर लिहा. टक्का-एल-ए लिहिताना काहीच गमावत नाही, आणि निम्म्या वेळा डीबगिंगलाही तोच उपयोगी पडतो. बायनरीच हवी असेल तर संख्या डबलांत तोडून ठेवा: आधी डबलमध्ये बसेल तेवढा भाग, मग उरलेला. ६४ बिटी मँटिसाला (संख्येच्या अंकांच्या भागाला) दोन डबल पुरतात, ११३ला तीन लागतात. डबलचा एक्स्पोनंट ११ बिटांचा आणि या दोन्हींचा १५ बिटांचा, म्हणून १ई३०८च्या पलीकडच्या किंवा अगदी शून्याजवळच्या संख्या तुमच्या डेटात असतील तर घात वेगळा काढून पूर्णांक म्हणून शेजारी लिहा. एफआरएक्स्पएल तेच करून देतं.